वाल्वेर्देचा कागद आणि यांगानातेसचं सोनं

पियारो गावात गेल्यावर मोयाची वाडी कुठली ते विचारायचं आणि पहिली रात्र त्या वाडीच्या बऱ्याच वर काढायची. मग ग्वापा नावाच्या डोंगराचा पत्ता काढून त्याच्या माथ्यावर चढायचं. आभाळ मोकळं असेल तर आंबातो गावाकडे पाठ करून पूर्वेला बघायचं. तिथून यांगानातीची तीन शिखरं त्रिकोणात उभी दिसतील. त्यांच्या उतारावर माणसाच्या हातांनी बांधलेला एक तलाव आहे. राजाच्या सुटकेसाठी तयार केलेलं सोनं, राजा मारला गेल्याची बातमी आल्यावर, जुन्या लोकांनी त्या तलावात टाकलं.

एका जुन्या स्पॅनिश कागदाच्या सुरुवातीच्या ओळींचा हा सारांश. कागदाचं नाव 'वाल्वेर्देचा देर्रोतेरो'. देर्रोतेरो म्हणजे वाटेची टिपणं. किनारा धरून जाणारे खलाशी डावीकडचं टेकाड, उजवीकडचा खडक अशा खुणा लिहून ठेवत, त्याच जातीचा हा मजकूर. इंकांच्या, म्हणजे स्पॅनिश येण्याआधी अँडीजच्या डोंगरांत राज्य करणाऱ्यांच्या, गुप्तधनाच्या शोधात इक्वेडोरच्या डोंगरांत गेलेल्या बहुतेकांच्या खिशात या कागदाची नक्कल असायची. सोनं कोणाला मिळाल्याचा खात्रीचा पुरावा आजवर पुढे आलेला नाही, आणि त्या डोंगरांत माणसं मात्र हरवली आहेत.

हा विषय अवघड वाटतो, कारण त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकात एक गुंतल्या आहेत. एक, १५३२ ते १५३५ या काळात खरोखर घडलेला इतिहास. दोन, पुढे तयार झालेली खजिन्याची दंतकथा. आणि तीन, तो डोंगराळ प्रदेश, जिथे पन्नास पावलांवरचंही दिसत नाही. हे धागे सुटे केले की बरंच काही उलगडतं.

काहामार्काची खोली

१६ नोव्हेंबर १५३२. आजच्या उत्तर पेरूमधल्या काहामार्का गावी स्पॅनिश स्वारीचा म्होरक्या फ्रान्सिस्को पिझारोने इंका राजा आताहुआल्पाला पकडलं. पिझारोबरोबर माणसं होती १६८. आताहुआल्पा नुकताच आपला भाऊ हुआस्कार याच्याशी झालेलं यादवी युद्ध जिंकला होता. गावाबाहेर त्याचं हजारोंचं सैन्य तळ देऊन होतं, आणि या मूठभर परक्यांचा धोका त्याला वाटला नव्हता.

कैदेत असताना त्याला एक गोष्ट कळली. या लोकांना सोनं हवं आहे. इंकांकडे नाणं नव्हतं, सोन्याने काही विकत घेता येत नव्हतं. सोनं सूर्याचं, चांदी चंद्राची. ते देवळात आणि राजाच्या घरात शोभायचं. त्याने सौदा मांडला. साधारण २२ फूट लांब आणि १७ फूट रुंद अशी एक खोली, माणसाच्या डोक्याच्या बरीच वर मारलेल्या रेघेपर्यंत एकदा सोन्याने आणि दोनदा चांदीने भरून देतो, मला सोडा.

मग साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातून भांडी, पत्रे, मूर्ती येऊ लागल्या. काम लवकर व्हावं म्हणून तीन स्पॅनिश माणसं कुस्को या राजधानीला पाठवली गेली. तिथल्या सूर्यमंदिराच्या भिंतींवरचे सोन्याचे पत्रे त्यांनी पहारी घालून उचकटले. सुमारे सातशे पत्रे निघाले.

आणि हे सगळं वितळवलं गेलं. नऊ भट्ट्या पेटल्या आणि त्यांवर कामाला लावले ते तिथलेच कारागीर. ज्यांच्या हातांना ही कला येत होती त्यांच्याच हातांनी ती मोडायला लावली. हिशेबनिसांनी काटेकोर नोंद ठेवली, कारण पाचवा हिस्सा स्पेनच्या राजाचा होता आणि प्रत्येक स्वाराला, प्रत्येक पायदळ शिपायाला त्याचा वाटा मोजून द्यायचा होता. १३,४२० पौंड सोनं, म्हणजे सुमारे ६ टन. कस साडेबावीस कॅरेट. आणि २६,००० पौंड चांदी. काही वस्तू न वितळवता स्पेनला गेल्या. सेव्हिल शहरात लोकांनी त्या डोळे विस्फारून पाहिल्या, पण पुढे त्याही आटवल्या गेल्या.

खंडणी आली तरी आताहुआल्पा सुटला नाही. २६ जुलै १५३३ रोजी काहामार्काच्या चौकात त्याचा गळा आवळून जीव घेतला. बाप्तिस्मा घेतला तर जिवंत जाळणार नाही, एवढीच सवलत त्याला मिळाली होती.

इथवरचा इतिहास पक्का आहे. पिझारोचा चिटणीस फ्रान्सिस्को दे हेरेस त्या वेळी तिथे हजर होता आणि त्याचा वृत्तान्त १५३४ मध्येच सेव्हिलला छापला गेला. वाटपाच्या याद्याही उरल्या आहेत. लिहिणारे जिंकणाऱ्या बाजूचे होते हे खरं, पण ते घटनेच्या जागी होते.

रुमिन्यावी

आताहुआल्पाचा एक सेनापती होता रुमिन्यावी. केचुआ या इंकांच्या भाषेत रुमी म्हणजे दगड आणि न्यावी म्हणजे डोळा किंवा चेहरा. काहामार्कात राजा पकडला गेला तेव्हा तो जवळच होता. तिथून तो सैन्य घेऊन उत्तरेला, आजच्या इक्वेडोरमधल्या क्विटोकडे निघून गेला. राजाच्या मृत्यूनंतर सेबास्तियान दे बेनाल्कासार हा स्पॅनिश सरदार क्विटोवर चालून आला, तेव्हा रुमिन्यावीने त्याला वाटेत झुंजवलं. चिंबोरासो पर्वताच्या परिसरात मोठी लढाई झाली. माघार घ्यावी लागणार हे दिसल्यावर त्याने क्विटो शहर जाळलं, जेणेकरून शत्रूच्या हाती काही लागू नये. बेनाल्कासारला तिथे अपेक्षेएवढं सोनं सापडलं नाही. रुमिन्यावी शेवटी पकडला गेला. सोनं कुठे आहे हे सांगण्यासाठी त्याचे आणि त्याच्या साथीदारांचे हाल केले. त्यांनी काही सांगितलं नाही. २५ जून १५३५ रोजी त्याला क्विटोत ठार मारलं.

दंतकथा सुरू होते ती या मौनापासून. तो बोलला नाही, म्हणजे त्याच्यापाशी लपवण्यासारखं काहीतरी होतं, असं लोकांनी धरलं. तो पियारोच्या बाजूचा, पियारोच्या पूर्वेला यांगानातेसचे (कागदातल्या यांगानातीचे) डोंगर, तेव्हा सोनं तिकडेच गेलं असणार. तर्क वावगा नाही, पण तर्कच आहे. छळ सोसून गप्प राहिलेल्या माणसाला सांगण्यासारखं काही ठाऊकच नव्हतं, हीही शक्यता तितकीच खरी, आणि ती फार कोणी बोलून दाखवत नाही याचं मला वाईट वाटतं. इक्वेडोरमध्ये १ डिसेंबरला रुमिन्यावीचं स्मरण करतात ते परकीयांशी लढलेला वीर म्हणून.

सोनं किती?

लोकप्रिय गोष्टींमध्ये ७५० टन हा आकडा वारंवार भेटतो. साधा हिशेब मांडून पाहू.

काहामार्कात देशभरातून काही महिने जमवलेलं सोनं सुमारे ६ टन भरलं. एवढं सोनं एका ठोकळ्यात ओतलं तर ठोकळ्याची प्रत्येक बाजू साधारण ७० सेंटीमीटर भरेल. घरातल्या छोट्या टेबलाखाली मावेल इतकाच तो आकार. खोली भरण्याची भाषा झाली कारण आलेली भांडी पोकळ होती, पत्रे पातळ होते, आणि सोनं मुळातच भलतं जड असतं.

आता ७५० टन म्हणजे त्याच्या सव्वाशे पट. इंकांकडे चाकाची गाडी नव्हती, घोडे-बैल नव्हते. ओझं वाहायला माणूस आणि लामा. लामा डोंगरात २५ ते ३० किलो नेतो. म्हणजे २५ हजारांहून जास्त लामा, किंवा तितकीच माणसं, दलदलीच्या घाटवाटेने, युद्ध सुरू असताना. शिवाय क्विटोच्या भागात इंकांची सत्ता येऊन जेमतेम दोन-तीन पिढ्या झाल्या होत्या. कुस्कोसारखं पिढ्यान्‌पिढ्यांचं सोनं तिथे साठलेलं असण्याची शक्यता कमी.

म्हणून माझं मत असं: क्विटोतून काही मौल्यवान वस्तू हलवल्या गेल्या असाव्यात, कारण शहर जाळणारा सेनापती देवळातलं सोनं शत्रूसाठी मागे ठेवणार नाही. पण शेकडो टनांचा आकडा कुठल्याही समकालीन नोंदीवर उभा नाही.

कागद कुठून आला

गोष्ट अशी सांगतात. वाल्वेर्दे नावाचा एक गरीब स्पॅनिश माणूस पियारोजवळ राहायचा. त्याने तिथल्या एका आदिवासी मुलीशी लग्न केलं. सासऱ्याने त्याला डोंगरातली जागा दाखवली आणि तो अचानक श्रीमंत झाला. स्पेनला परत गेल्यावर मरताना त्याने वाटेची टिपणं राजाच्या नावे ठेवली. राजाने ती लाताकुंगा आणि आंबातोच्या अधिकाऱ्यांकडे पाठवून शोध घ्यायला फर्मावलं. मोहीम निघाली, बरोबर पाद्री लोंगो नावाचे धर्मगुरू होते. कागदातल्या खुणा जुळत गेल्या. आणि मुक्काम जवळ आला असताना एका रात्री पाद्री नाहीसे झाले. दरीत पडले की दलदलीत गेले, कळलं नाही. मोहीम परत फिरली.

या सगळ्याला आधार काय? मूळ कागद लाताकुंगाच्या दफ्तरात होता असं म्हणतात. लोक येऊन नकला करून घेत. शेवटी कोणीतरी नक्कल करून न थांबता मूळच उचलून नेलं. म्हणजे आज जगभर फिरणारा मजकूर नकलेच्या नकलेचा आहे, आणि ताडून बघायला मूळ नाही.

तो आपल्यापर्यंत आला तो एका वनस्पतिशास्त्रज्ञामुळे. रिचर्ड स्प्रूस, इंग्लंडच्या यॉर्कशरचा. शेवाळं आणि त्यांच्यासारख्याच लिव्हरवर्ट नावाच्या छोट्या वनस्पती गोळा करत तो ॲमेझॉनच्या खोऱ्यात वर्षानुवर्षं फिरला. जुलै १८५७ मध्ये पास्तासा नदीकडून चढत तो बान्योस गावी पोहोचला. वाटेत लांबून बर्फाची काही टोकं त्याला दिसली होती. ती यांगानातीची आणि तिथल्या एका तलावात इंकांचं सोनं आहे असं सगळ्यांनी त्याला सांगितलं. स्प्रूसने देर्रोतेरोची नक्कल मिळवली. शिवाय त्याला एक नकाशा दिसला. आनास्तासियो गुस्मान नावाचा स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ पियारोत राहून त्या डोंगरांत जुन्या खाणी शोधत फिरायचा, त्याने काढलेला. गुस्मानला झोपेत चालायची सवय होती आणि १९व्या शतकाच्या पहिल्या दशकात असाच एका रात्री कड्यावरून पडून तो गेला.

स्प्रूसने त्या नकाशाचं वर्णन असं केलंय की तो डोळ्यांसमोर उभा राहतो. लहानमोठ्या आकाराचे आठ कागद जाड्याभरड्या सुती कापडावर चिकटवलेले. सगळा मिळून ३ फूट साडेदहा इंच बाय २ फूट ९ इंच. काळ्या शाईने बारीक कुंचल्याने रेखलेला, पण हाताळून हाताळून झिजलेला. किती माणसांनी तो जमिनीवर पसरून, वाकून, बोट फिरवत पाहिला असेल! स्प्रूसने त्याची प्रत करून घेतली आणि १८६१ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात देर्रोतेरोसह लेख छापला. त्याच्या मृत्यूनंतर मित्र आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १९०८ मध्ये त्याचं लेखन संपादित करून प्रसिद्ध केलं आणि हा मजकूर आणखी दूरवर पोहोचला.

स्प्रूस स्वतः सोन्यामागे गेला नाही. १८६० मध्ये तो चिंबोरासोच्या पश्चिम उतारावर लाल सालीच्या सिंकोनाचं बी आणि रोपं जमवत होता. ब्रिटिश सरकारला ती भारतात लावायची होती. १८६१ मध्ये ती रोपं निलगिरीत पोहोचली. आपल्याकडे हिवतापावर ज्याला कोयनेल म्हणायचे, टपाल कचेऱ्यांतून ज्याच्या पुड्या विकल्या जायच्या, ते सिंकोनाच्याच सालीतून निघायचं. यांगानातेसची वाट जगाला सांगणारा माणूस असा आपल्या आजी-पणजीच्या औषधाच्या डब्यापर्यंत येऊन पोहोचतो.

कागदात खरं काय लिहिलंय

राजाच्या खंडणीचं सोनं तलावात टाकलं, हे देर्रोतेरोत अगदी सुरुवातीला, एका वाक्यात येतं. पुढची सगळी वाट वाचताना वेगळ्याच गोष्टी समोर येतात. दोन छोटे तलाव, मध्ये नाकासारखी जमिनीची जीभ, म्हणून त्यांचं नाव 'चष्मा'.  मग यानाकोचा, म्हणजे काळा तलाव. मग मार्गासितास डोंगर. मार्गासिता म्हणजे पायराइट, लोह आणि गंधकाचं सोनेरी चमकणारं खनिज. त्याच्याही पुढे गवताचं छोटं मैदान, दोन टेकड्यांमधली घळ जिला 'इंकाची वाट' म्हटलंय, आणि चर्चच्या दारासारख्या तोंडाचा एक बोगदा. एक धबधबा जिथे पडतो त्या दलदलीत हात घातला तर तळाशी सोन्याचे कण येतात. डोंगराच्या डाव्या अंगाला ग्वायरा आहे.

ग्वायरा हा केचुआ शब्द, अर्थ वारा. मातीची भोकं असलेली भट्टी डोंगराच्या धारेवर ठेवायची, वारा तिच्यातून घोंघावत जातो आणि धातू वितळतो. फुंकायला भाता नाही, वाराच भाता. आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या चांदीच्या खाणीतही स्पॅनिशांनी सुरुवातीची काही दशकं याच भट्ट्या वापरल्या.

आता बोगदा, भट्टी, पाण्यात सोन्याचे कण, पायराइटचा डोंगर हे सगळं एका रांगेत ठेवून बघा. मला तरी हे खजिन्याच्या जागेपेक्षा जुन्या खाणीच्या जागेचं वर्णन वाटतं. सोन्याच्या शिरा असतात तिथे पायराइट बरेचदा असतं. नदीच्या गाळात कण मिळणं हे तर सोनं शोधणाऱ्यांचं नेहमीचं लक्षण. गुस्मानही तिथे खाणीच शोधत होता. वाल्वेर्दे खरोखर श्रीमंत झाला असेल तर तो ओढ्यातलं सोनं धुऊन झाला असेल, ही शक्यता मला तलावातल्या मूर्तींपेक्षा जवळची वाटते. खंडणीचं वाक्य कोणी, कधी जोडलं, हे मूळ कागदच नसल्याने कळायचा मार्ग उरलेला नाही.

पायराइटबद्दल थोडं, कारण डोंगरात पहिला घोटाळा तिथेच होतो. सोनं मऊ असतं, हातोडीखाली चेपतं, पसरतं. पायराइट फुटतं. न चकाकणाऱ्या पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीवर घासलं तर सोन्याची रेघ पिवळी उमटते, पायराइटची हिरवट काळी. ओल्या, अंधारलेल्या दिवसात थकलेल्या माणसाला ही परीक्षाही सुचत नाही.

तिथे शोधणं इतकं कठीण का

यांगानातेस हा अँडीजच्या पूर्व रांगेचा भाग. ॲमेझॉनच्या जंगलावरून येणारी दमट हवा इथे डोंगराला आपटून वर चढते, थंड होते आणि धुकं-पाऊस होऊन उतरते. हे जवळजवळ बारा महिने चालतं. सर्वांत उंच शिखर सेर्रो एर्मोसो ४,५७१ मीटर. वरच्या टप्प्याला पारामो म्हणतात: झुडपांएवढं वाढलेलं चिवट गवत, उशीसारख्या वनस्पतींचे फुगीर गालिचे, आणि त्यांच्याखाली पाण्याने तुडुंब भरलेला कुजट गवताचा थर. त्यावर पाय ठेवला की आजूबाजूची चार हात जमीन हलते. खाली उतरावं तर बांबूच्या गचपणाचं आणि शेवाळाने लगडलेल्या झाडांचं ढगांचं जंगल. भिजलेलं शरीर वाऱ्यात उष्णता फार वेगाने गमावतं. तापमान शून्याच्या खाली नसतानाही माणूस गारठून मरतो. पाद्री लोंगोंसारखं कोणी रात्रीतून नाहीसं झालं तर त्यात शाप शोधायची गरज नाही.

तलावाची खूण तर आणखी फसवी. हे डोंगर एकेकाळी हिमनद्यांनी खरवडलेले आहेत. हिमनदी जाते तिथे खोलगट वाटी राहते, तोंडाशी दगडमातीचा बांध राहतो. पाणी साचलं की तो बांध हाताने घातल्यासारखाच दिसतो. असे तलाव तिथे ढिगाने आहेत. कुजलेल्या गवताचा रंग उतरल्याने बहुतेकांचं पाणी काळपट, त्यामुळे यानाकोचा हे नाव कुठल्याही तलावाला शोभेल. भर म्हणजे भूकंप. १६९८, १७९७ आणि १९४९ साली या पट्ट्याला मोठे हादरे बसले. १९४९च्या आंबातो भूकंपात पाच हजारांहून जास्त माणसं गेली आणि पियारो गाव उद्ध्वस्त झालं. कडे कोसळतात, ओढे वाट बदलतात, तलाव फुटतात. चारशे वर्षांपूर्वीचं 'धबधब्याच्या उजवीकडे' आज कुठे असेल?

आधुनिक यंत्रांनी हे सुटायला नको का, असं कोणीही विचारेल. सोनं चुंबकाला ओढलं जात नाही, त्यामुळे चुंबकीय मोजणीत ते उमटत नाही. हातातला धातुशोधक जेमतेम मीटरभर खोलवर चालतो. जमिनीत लहरी सोडून आतलं पाहणारं रडार ओल्या चिकणमातीत लवकर थकतं. उपग्रहाच्या साध्या छायाचित्रांना ढग आड येतात. लायडार, म्हणजे विमानातून लेझरचे ठिपके टाकून जमिनीचा उंचसखलपणा मोजणं, हे खरं कामाचं तंत्र आहे. इक्वेडोरमध्येच, आणखी दक्षिणेला उपानो खोऱ्यात, लायडारमुळे सुमारे ३०० चौरस किलोमीटरवर पसरलेली अडीच हजार वर्षांपूर्वीची वसाहत दिसली. सहा हजारांहून जास्त चौथरे आणि सरळ रस्ते. ते संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. पण लायडारला चौथरे दिसतात, रस्ते दिसतात. पाण्याखालची मूर्ती दिसत नाही.

आणि डोळाही फसवतो. खडक थंड होताना किंवा दाबाखाली सरळ रेषांत, काटकोनांत तडकतो आणि रचलेल्या भिंतीसारखा दिसतो. काही वर्षांपूर्वी यांगानातेसच्या बाजूला मोठमोठ्या दगडांची एक उतरती भिंत पाहून तिथे आताहुआल्पाची कबर असल्याची चर्चा जगभर झाली. सरकारच्या तज्ज्ञांनी पाहणी करून ती नैसर्गिक रचना असल्याचं सांगितलं.

तलाव सापडलाच तर? याचं उत्तर शेजारच्या कोलंबियात आहे. ग्वाताविता तलावात मुइस्का लोक सोनं अर्पण करत. ते इंका नव्हेत, पण एल दोरादोची, म्हणजे अंगाला सोनं फासलेल्या राजाची, कथा तिथलीच. १५८०च्या सुमारास आन्तोनियो दे सेपुल्वेदा नावाच्या व्यापाऱ्याने मजुरांकरवी तलावाच्या काठाला प्रचंड खाच पाडली. पाणी सुमारे वीस मीटर उतरलं, काठावर थोडं सोनं मिळालं, आणि मग खाच ढासळून मजूर गाडले गेले. ती खाच आजही डोंगराच्या कडेवर दिसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका इंग्रज कंपनीने बोगदा काढून तलाव जवळजवळ रिकामा केला. तळाशी मीटरभर चिखल उघडा पडला. उन्हात तो असा वाळला की खोदता येईना, आणि गाळाने बोगदा तुंबून तलाव पुन्हा भरला. हाती लागलं ते खर्चाच्या मानाने नगण्य. १९६५ मध्ये कोलंबियाने तलावाला संरक्षण दिलं.

यांगानातेसही आता मोकळं रान नाही. जानेवारी १९९६ पासून तो राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे २,२०० चौरस किलोमीटरचा. चष्मेवालं अस्वल, डोंगरी टॅपीर आणि कॉन्डॉर तिथे राहतात. तिथलं पाणथळ क्षेत्र २००८ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. पिसायाम्बोच्या जलाशयावर वीज तयार होते. जमिनीतल्या प्राचीन वस्तू देशाच्या मालकीच्या. म्हणजे उद्या कोणाला सोनं सापडलं तरी ते त्याचं होणार नाही. मला हे योग्य वाटतं. खजिन्यासाठीच्या खणाखणीने एकदा थर विस्कटले की वस्तू राहते, पण ती कोणी, कधी, कशासाठी ठेवली हे सांगणारी माती जाते. काहामार्कात भट्टीने जे केलं, तेच इथे कुदळ करते.

तरी माणसं जातात. पियारोतून निघणाऱ्यांना देर्रोतेरोचा पहिला अर्धा भाग बऱ्यापैकी सापडतो. चष्म्याचे तलाव, दलदल, काळा तलाव, मार्गासितास डोंगर. स्प्रूसच्या काळीही तसंच होतं. गोंधळ तिथून पुढे सुरू होतो, आणि त्याचं कारण मजकुरातच आहे. मार्गासितास डावीकडे ठेव, असं लिहून कागद बजावतो की त्याला वळसा मात्र 'असा' घालायचा. त्या 'असा'नंतर शब्द नाही. शाईने काढलेली एक छोटी वळणदार खूण आहे, वेटोळ्यासारखी. मूळ हाताने ती कशी वळवली होती, नकला करणाऱ्यांनी ती उलटी केली का, वळसा घड्याळाच्या दिशेने की विरुद्ध, पूर्ण की अर्धा, हे ठरवण्यासाठी माणसांनी आठवडेच्या आठवडे त्या ओल्या गवतात काढले आहेत.

कागदाचा शेवट मात्र ठाम आहे. जंगलात वाट चुकलीच तर नदी शोध, तिच्या उजव्या काठाने चालत राहा. पुढे घळ लागेल, ती ओलांडायला जागा मिळणार नाही. तेव्हा उजव्या हाताच्या डोंगरावर चढ. असं केलंस तर तुझी वाट चुकणं शक्यच नाही.